पुलावरची यादी

५ मार्च

ताई,

नमस्कार वगैरे पुढच्या वेळी. तुझी दोन पत्रं मिळाली, दोन्हींत उपदेश. फोन लागत नाही म्हणून आई रडते असं तू लिहिलंस, तेवढ्यासाठी हे लिहितोय. फोन लागणारच नाही. सगळ्यांचे फोन गेटवर जमा करून घेतलेत. कुणीतरी मेलेल्या कोंबड्यांचे फोटो काढले आणि ते बाहेर गेले. काढले एकाने, शिक्षा छत्तीस जणांना.

कोंबड्या मरतायत हे खरं आहे. चार नंबरच्या शेडमध्ये सुरुवात झाली. आदल्या दिवशी धडधाकट असते, दुसऱ्या दिवशी तुरा निळा, मान उलटी होऊन पाठीला टेकलेली, आणि एका जागी गोल गोल फिरत राहते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आलं, म्हटलं घरचे मला भिंगरी म्हणतात ते हेच. मग ती पडते. आम्ही टोपल्यांत भरून मागच्या खड्ड्यात टाकतो, वरून चुना. पहिल्या दिवशी चाळीस होत्या, काल बाराशे. तोंडाला बांधायला एकेक फडकं दिलंय. सुपरवायझर म्हणतो, हवा बदलली की असं होतं. मी विचारलं, हवा फक्त चार नंबरातच कशी बदलली? तो म्हणाला, तुझं शिक्षण किती? म्हटलं, सातवी. मग गप्प बस, म्हणाला. तुझं आणि त्याचं चांगलं जमेल.

महिनाअखेरीला मला कायमचा परवाना मिळतोय. दोन वर्षांत एकही खाडा नाही असे आम्ही चौघंच. परवाना हातात आला की या खुराड्यातून सुटलो, शहरात कुठेही काम धरता येतं. चौदा महिने मी गेटबाहेर पाय टाकलेला नाही. हे आईला सांग. याचा पाय एका जागी ठरत नाही, हे पालुपद घरात तूच सुरू केलंस.

तेव्हा एवढं कर. तू सीमेच्या नाक्यावर नर्स आहेस, तुझ्या टेबलावर शिक्के आहेत, सगळं मान्य. पण कोंबड्यांचं तुझ्यापाशीच ठेव. माझ्या शेजारच्या खाटेवर लंबू असतो, आपल्याच बाजूचा आहे. तो म्हणतो, बहिणीला काहीही सांगावं, नर्सला सांगू नये. पत्र अंड्यांच्या ट्रकवाल्याकडे देतोय.

भिंगरी


९ मार्च

भिंगरी,

पत्र काल मिळालं, आज पुलावर सांगून टाकलं. रागवायचं तर रागव.

माझं काम काय असतं हे तू कधी विचारलं नाहीस, म्हणून लिहिते. नदीच्या त्या काठावर त्यांचा आरोग्य नाका, या काठावर आमचा. रोज सकाळी नऊला पुलाच्या मधोमध आम्ही भेटतो. तिकडून एक डॉक्टरीणबाई येतात, इकडून मी जाते. त्यांच्याकडे जे दिसलं त्याचा कागद त्या मला देतात, आमच्याकडचा मी त्यांना. दोन्ही सरकारांचा करार आहे, दिसलेलं एका दिवसात कळवायचं, लपवायचं नाही. वरचे लोक एकमेकांना काय वाटेल ते बोलू देत, आम्ही दोघींनी तीन वर्षांत एक सकाळ चुकवलेली नाही. ताप काही माझ्यासमोर रांगेत उभा राहून पास दाखवत नाही.

तुरा निळा, मान उलटी. हे वाचून मी गप्प बसेन असं तुला वाटलं, म्हणजे सातवीतही तू वर्गात नव्हतासच. हा ताप माणसाला लागतो. तुझं नाव मी घेतलं नाही, फक्त पोल्ट्री सांगितली.

आता नीट उत्तर दे. खोलीत कुणाला ताप आहे? कुणाचे डोळे लाल आहेत, कुणाला दम लागतोय? ते फडकं रोज उकळून घे. पाणी देत नसतील तर भांड. भांडायला तुला कुणी शिकवावं लागत नाही.

ताई


१२ मार्च

ताईसाहेब,

अभिनंदन. चाळीस हजार कोंबड्या मारल्यास.

परवा सकाळी ती माणसं आली, डोक्यापासून पायापर्यंत पांढरी, डोळ्यांच्या जागी काच. दीड दिवसात सगळ्या शेडा रिकाम्या. धडधाकट होत्या त्याही गेल्या. मग गेटला बाहेरून कुलूप आणि आम्ही आत, एकवीस दिवस. आम्हाला इथे आणणारा ठेकेदार पहिल्याच दुपारी पळाला, निम्म्या लोकांचे पास त्याच्या बॅगेत.

सुपरवायझरने नोटीस वाचून दाखवली. 'सीमेपलीकडून मिळालेल्या माहितीनुसार.' एवढं वाचून तो थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला. माझी बहीण नाक्यावर असते हे इथल्या भिंतींनाही माहीत आहे, फुशारकी मीच मारली होती. नाव घेतलं नाहीस म्हणे. घ्यायची गरजच कुठे होती?

जेवायला बसलो की दोन्ही बाजूंची ताटं सरकतात. आचारी माझ्यापर्यंत आला की म्हणतो, याला बेताने वाढतो, पोट भरलं की हा पत्र लिहितो. सगळे हसतात. काल माझ्या चपला चुन्याच्या खड्ड्यात सापडल्या. सुपरवायझरने आम्हा चौघांना बाजूला घेऊन सांगितलं, एकवीस दिवस तोंड बंद ठेवलंत तर परवाने कंपनीच्या दुसऱ्या पोल्ट्रीतून करून देतो. माझ्याकडे बघून 'तोंड बंद' दोनदा म्हणाला.

तुझ्या डॉक्टरीणबाई रोज येऊन ताप मोजतात. आमची पत्रं औषधाने पुसून प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेतात, म्हणून हे तुला उद्याच मिळेल. आचाऱ्याला ताप आहे, आणखी एकाला आहे. मला नाही. झालं समाधान? आता लिहू नकोस.


१४ मार्च

भिंगरी,

लिहू नकोस म्हणालास म्हणूनच लिहिते.

चाळीस हजार कोंबड्या गेल्या आणि तुला ताप नाही. मला हा सौदा चालतो. तुझ्या चपला गेल्या त्याचं वाईट वाटलं.

आज पुलावर यादी आली. गेल्या पंधरा दिवसांत तुमच्या पोल्ट्रीतून इकडे परतलेली माणसं, अकरा नावं. दुपारपर्यंत आमची माणसं दहा घरी पोचली. सगळ्यांना औषध सुरू केलं, घरच्यांनाही. अकरावं नाव कुणाचं असेल? तुझं. तुझं, बाबांचं, आडनाव, जन्मतारीख, सगळं बरोबर. २ मार्चला संध्याकाळी माझ्याच नाक्यावरून आलास म्हणे. संध्याकाळची पाळी माझी नसते. पण माझा भाऊ माझ्या टेबलासमोरून जाईल आणि दुसऱ्या दिवशी मला कुणी सांगणार नाही असं होईल का? शिवाय तुझं ५ तारखेचं पत्र माझ्या पिशवीत होतं, त्यावर अंड्याचा बलक वाळलेला. ५ला तू तिथे टोपल्या उचलत होतास. मी लाल पेनाने ती ओळ खोडली, पुढे 'नोंद चुकीची' लिहिलं, खाली सही केली. अकराचे दहा झाले.

आणखी एक कारण होतं, तेही सांगते. ती ओळ राहिली असती तर पांढऱ्या कपड्यांतली माणसं आज आईच्या दारात उभी राहिली असती आणि अख्खी गल्ली बघायला जमली असती. तू इथे नसताना तुझ्या नावाने तेवढंच व्हायचं बाकी होतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भावाला एकदा विचारून घ्या. म्हणून विचारते. तिकडच्या कारकुनाने घोळ घातला, बरोबर? एका ओळीत कळव, भाषण नको.

ताई


१६ मार्च

ताई,

हो, घोळच असेल. इथले कारकून असेच आहेत. विषय संपव.

आणि तू सौदा वगैरे लिहू नकोस. सौद्यात दोन बाजूंना काहीतरी मिळतं. इथे मला काय मिळालं ते ये आणि बघ. छत्तीस खाटांची खोली, खिडक्या खिळे ठोकून बंद, एकच पंखा आणि तो सुपरवायझरच्या बाजूला. दिवसभर काम नाही. काम नसलं की माणसं एकमेकांकडे बघतात, आणि इथे सगळे माझ्याकडेच बघतात. मी शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतो. दोनशे बारा पावलं. परत दोनशे बारा. कुणीतरी म्हणालं, बघा, मान उलटी व्हायची वेळ आली याची.

लंबूच्या रिकाम्या खाटेवर मी चादर वाळत घालतो, तेवढाच आडोसा. तो असता तर दोन शिव्या देऊन सगळ्यांना गप्प केलं असतं. खोकत खोकत दिल्या असत्या, पण दिल्या असत्या. आईला सांग मी मजेत आहे.

भिंगरी


१७ मार्च

लंबूची खाट रिकामी का आहे?

५ तारखेला तू लिहिलंस, लंबू शेजारी असतो, लंबू म्हणतो. आज लिहितोस, तो असता तर. यादीतल्या दहाही जणांना मी आज दुपारी फोन केले. तुमच्यातला लंबू कोण म्हणून विचारलं. दहापैकी एकही नाही. बहुतेकांनी तेच सांगितलं, लंबू तुमच्या भावाच्या शेजारी झोपतो, त्यालाच विचारा. एकजण हसला आणि त्याने फोन ठेवला.

तुझा पास कुठे आहे? एका ओळीत लिही.

मी आज पुलावर डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत बघू शकले नाही. त्यांनी विचारलं, भावाचं उत्तर आलं का? मी म्हटलं, टपाल उशिरा येतं. टपाल त्या स्वतः आणतात.


१८ मार्च

ताई,

पास लंबूकडे आहे.

त्याच्या बायकोला आठवा महिना आहे. पहिली दोन मुलं पोटातच गेली, म्हणून या वेळी तिला बघून येतो म्हणाला. सुपरवायझरने रजा दिली नाही. लंबूचा पास ठेकेदाराच्या बॅगेत. दोन वर्षं खाडा नसलेल्यांचे पास मात्र आमच्या हातात असतात. मी म्हटलं, माझा घे, आठ दिवसांत परत ये. ठेकेदाराने त्याला दुसऱ्या कामावर नेलंय, असं मीच सुपरवायझरला सांगितलं. इथे हे सगळे करतात. टोपी घातली की पासवरच्या फोटोकडे कोण बघतं? माझ्यापेक्षा वीतभर उंच माणूस माझा फोटो दाखवून तुझ्या नाक्यावरून गेला, तुमच्यापैकी एकाने मान वर करून बघितलं नाही. आता मला विचारतेस.

तो खोकत होता, पण तो विडी ओढतो, बाराही महिने खोकतो. ताप नव्हता. मी कपाळाला हात लावून बघितला होता. आजारी माणसाला मी पाठवलं नसतं.

मी त्याला शब्द दिलाय. दुसऱ्याच्या पासवर सीमा ओलांडली तर तुरुंग आहे, पास देणाऱ्याला पाच वर्षं बंदी. परवान्याला माझे तेरा दिवस राहिलेत. तो ठणठणीत असेल, बायकोजवळ बसला असेल, आणि मी त्याच्या दारात पोलीस पाठवू? मग तू त्याला औषध देणार. तुझ्या औषधाने एक पोल्ट्री गेली, पुरे झालं.

ओळ तू खोडलीस. तू निस्तर.

भिंगरी


१९ मार्च

आज निस्तरली.

सकाळी पुलावर जाण्याआधी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, हे माझ्याशी नको, पलीकडच्यांसमोर बोल. म्हणून पुलाच्या मधोमध, दोन्हीकडचे शिपाई ऐकत असताना, डॉक्टरीणबाईंना सांगितलं की यादीतली ओळ मी खोडली, भावाचं नाव होतं म्हणून खोडली, आणि त्या पासवर दुसरा माणूस आलाय. त्यांनी हातातल्या कागदाची घडी घातली. मग म्हणाल्या, तीन वर्षांत मी तुमची एकही यादी परत तपासली नाही. एवढंच म्हणाल्या.

मला नाक्यावरून काढून स्टोअरमध्ये बसवलंय. चौकशी होईल. उद्यापासून पुलावर दुसरी जाईल. आता माझ्याकडे लपवायला काही उरलं नाही. तुझ्याकडे आहे.

तुम्हाला अजून सांगितलं नसेल. काल दवाखान्यात नेलेला तुमचा आचारी आज सकाळी गेला. त्यालाही आधी खोकलाच होता.

लंबूला कपाळाला हात लावून बघितलंस, बरं केलंस. हा ताप लागून वर यायला आठवडा जातो. पहिल्या काही दिवसांत औषध मिळालं तर माणूस वाचतो. पोटुशी बाई असेल तर तिला त्याहून आधी मिळावं लागतं. ती रोज त्याच्या तोंडाशी पाणी धरत असेल.

मला लिहू नकोस. लंबूचं घर कुठे आहे ते उद्या सकाळी डॉक्टरीणबाईंच्या हातात दे. मला आयुष्यभर शिव्या दे, मी वाचेन.


२० मार्च

ताई,

सांगितलं.

तू लिहिलंस म्हणून नाही, हे आधी समजून घे. आचाऱ्याचं तुझ्या पत्रातून मला कळलं आणि मी ते खोलीत सांगितलं. कुणी हसलं नाही. त्याची पळी खिळ्याला लटकत होती, ती कुणीतरी काढून ठेवली.

सकाळचं टपाल वाटून डॉक्टरीणबाई ताप मोजायला लागल्या तेव्हा सगळे रांगेत होते, सुपरवायझर टेबलाशी. मी म्हटलं, बाई, दोन तारखेला माझ्या पासवर लंबू गेला. सुपरवायझर म्हणाला, तुझा परवाना गेला. मी म्हटलं, गेला. पुढे काय लिहायचं ते कुणालाच कळेना. ठेकेदाराने रजिस्टरात मनाला येईल ते पत्ते भरलेत, लंबूच्या नावापुढे कुठल्यातरी गोदामाचा पत्ता. मग मी डोळे मिटले. दोन वर्षं तो खाटेवर पडून मला घरी नेत असायचा. बस थांब्यावर उतर, पाण्याची टाकी डाव्या हाताला ठेव, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरून उजवीकडे वळ, पिठाच्या गिरणीचा आवाज येईल. गिरणी सासूची. तिच्या मागे निळं दार, खालची फळी कुत्र्याने कुरतडलेली. गावाचं नाव सांगितलं. बाईंनी सगळं लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. मी म्हटलं, टाकी डाव्या हाताला, तुम्ही उजव्या लिहिलंय.

रांगेतून कुणीतरी म्हणालं, बहीणभाऊ दोघं एकाच मातीचे. मग मागचा एकजण पुढे आला. म्हणाला, बाई, माझ्या पासवरही एक गेलाय, एकोणतीस फेब्रुवारीला. तुमच्या दहांत त्याला धरलंय, पण माझ्या पत्त्यावर तो राहत नाही, तिथे जो सापडला तो माझा चुलतभाऊ. मग आणखी एक आला. बाईंना नवीन कागद घ्यावा लागला.

संध्याकाळी कंपनीचा माणूस काचेपलीकडून कागद दाखवून गेला. पाच वर्षं बंदी. एकवीस दिवस संपले की थेट पुलावर सोडणार. सही केली. बोल आता, काय उपदेश करायचाय तो.


२६ मार्च

भिंगरी,

उपदेश नाही.

माणसं वीस तारखेच्या दुपारीच पोचली. टाकी डाव्या हाताला होती. लंबू गिरणीच्या मागच्या खोलीत होता. दहा तारखेपासून ताप. पोलिसांच्या भीतीने त्याने डॉक्टरला बोलवू दिलं नाही, पास गादीखाली ठेवला होता. त्याला दवाखान्यात नेलं. तेवीसला गेला. पासमुळे मृत्यूच्या दाखल्यावर आधी तुझंच नाव चढलं होतं. मी सुट्टी टाकून तिथे गेले, त्याच्या सासूला बरोबर घेतलं आणि बदलून आणलं. आईला यातलं काही कळलेलं नाही.

त्याच्या बायकोला वीसलाच औषध मिळालं. चोवीसला तिलाही थोडा ताप आला, उतरला. काल बाळंत झाली, दिवस भरायच्या आधीच. मुलगी आहे, लहान आहे, पण रडते जोरात. गिरणीवर दळण घ्यायला येणारे चाळीसजण शोधले, त्यांतले दोघे आजारी निघाले, दोघेही उठून बसलेत. दुसऱ्यांच्या पासवर आलेले तुमचे आणखी तिघे सापडले, तिघेही बरे आहेत. तिथल्या डॉक्टरने मला सांगितलं, चौदा तारखेला, चौथ्या दिवशी, तो हाती लागला असता तर आज घरी असता. सहा दिवस उशीर झाला.

मी स्टोअरमध्ये बसून त्या सहा दिवसांचाच विचार करते. तीन माझे आहेत आणि तीन तुझे. मी ओळ खोडली नसती तर, आणि तू सोळाला खोटं लिहिलं नसतंस तर. मी तुला माफ केलेलं नाही. तूही मला करू नकोस.

त्याची बायको काचेपलीकडून माझ्याशी बोलली. म्हणाली, ज्याने पास दिला त्याला माझ्यासमोर उभा करा. मी म्हटलं नाही की तो माझा भाऊ आहे. तिला माहीत होतं.

ताई


२९ मार्च

ताई,

तुझं पत्र खोलीत मोठ्याने वाचून दाखवलं. मुलगी झाली इथपर्यंत. पुढचं माझ्यापुरतं ठेवलं.

तू शिकलेली आहेस, पण तुझी वाटणी चुकली. ओळ तू चौदाला खोडलीस. तुझं पत्र मला पंधराला सकाळी मिळालं. तू खोडलंयस, ते नाव माझं आहे आणि गेलेला माणूस लंबू आहे, हे तिन्ही पंधराला सकाळी जगात फक्त मला माहीत होतं. बाई त्या वेळी माझ्या समोर उभ्या राहून ताप मोजत होत्या. मी तोंड उघडून थर्मामीटर घेतला आणि बंद केलं. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. एक दिवस तुझा, पाच माझे. तीन-तीन करून मला सूट देऊ नकोस. लहानपणापासून माझ्या वाट्याचं तू उचलतेस आणि मग वर्षभर ऐकवतेस. हे उचलू नकोस.

दोन तारखेला पुलावर सोडतायत. तू तिथे नसशील हे बरं आहे, मुद्दाम येऊही नकोस. मी आधी गिरणीवर जाणार. रस्ता पाठ आहे. तिला जे बोलायचं ते मी उभा राहून ऐकेन. हाकलून दिलं तर दुसऱ्या दिवशी परत जाईन, कारण एका दिवसात तिचं बोलून होणार नाही. मला कुठे ठरून राहता येत नाही असं तू म्हणतेस, तर बघू.

तिचं झालं की घरी येतो. आईला मी सांगेन, तू सांगू नकोस. नंतर तुझं ऐकतो. तोपर्यंत सगळं साठवून ठेव, पत्रात वाया घालवू नकोस.

भिंगरी